बुधवारचं नाटक, गुरुवारची सकाळ

माझे धाकटे मामा १९६३ साली इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात लेथवर काम आणि एका विधवा बाईंच्या घरात माडीवरची खोली, असा त्यांचा संसार. महिन्या-दीड महिन्यानं त्यांचं निळं एअरलेटर सांगलीच्या घरी यायचं. ते मोठ्यानं वाचून दाखवण्याचं काम आजीनं माझ्याकडे सोपवलं होतं. थंडी, ओव्हरटाइम, कुकरची शिट्टी पाठवा, असा ठरलेला मजकूर असे. १९६६ च्या नोव्हेंबरातलं पत्र मात्र वेगळं होतं.

मामांनी लिहिलं होतं, की काल रात्री टीव्हीवर घर न मिळालेल्या एका बाईचं नाटक झालं. संपल्यावर घरमालकीणबाई काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या आणि दिवा न लावता बराच वेळ बसून राहिल्या. आज कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याच नाटकाबद्दल बोलत होते, एरवी माझ्याशी न बोलणारेसुद्धा. शेवटी एक ओळ होती : 'इथे गोऱ्या माणसांनाही घर मिळत नाही, हे मला कालच कळलं.'

ती ओळ समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. त्या काळात इंग्लंडमध्ये भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातींत काळ्या माणसांनी येऊ नये, असं उघड लिहिलेलं असे आणि कायद्यानं त्याला मनाई नव्हती. घरभाड्यातल्या या भेदभावाला बंदी घालणारा कायदा १९६८ साली आला. मामांना वाटत होतं की घरासाठी दारोदार हिंडणं हे आपल्यासारख्या परक्याच्याच नशिबी असतं. एका नाटकानं त्यांचा तो समज दूर केला.

ते नाटक म्हणजे 'कॅथी कम होम'. १६ नोव्हेंबर १९६६, बुधवार. बीबीसीच्या 'द वेन्सडे प्ले', म्हणजे 'बुधवारचं नाटक' या मालिकेत ते दाखवलं गेलं. नाटकानं समाज बदलतो का, या विषयावर आपल्याकडे पुष्कळ परिसंवाद होतात आणि उत्तर बहुधा टाळ्यांच्या गजरात विरून जातं. या मालिकेच्या बाबतीत मात्र तो प्रश्न तारखा आणि कायदे समोर ठेवून तपासता येतो. म्हणून आज तिच्याविषयी बोलायचं ठरवलं आहे.

'मालिका' या शब्दानं थोडा घोटाळा होईल. तीच सासू, तीच सून आणि उद्या पुढे चालू, असा हा प्रकार नव्हे. दर आठवड्याला नवं नाटक, नवा लेखक, नवी पात्रं. आज पाहिलेल्या माणसांची पुन्हा भेट नाही. वार, वेळ आणि मालिकेचं नाव तेवढं कायम. आपल्या एकांकिका स्पर्धांसारखं म्हणा हवं तर. पडदा वर जाईपर्यंत काय पाहायला मिळणार, हे प्रेक्षकाला ठाऊक नसायचं.

या प्रकाराला वळण लावलं सिडनी न्यूमन या कॅनडातून आलेल्या माणसानं. १९५८ साली तो आयटीव्हीवरच्या 'आर्मचेअर थिएटर' या नाट्यमालिकेचा प्रमुख झाला. इंग्लंडची रंगभूमी तोवर मुख्यतः दिवाणखान्यात रमलेली होती. दोनच वर्षांपूर्वी, १९५६ साली, जॉन ऑस्बर्नच्या 'लुक बॅक इन अँगर'नं तिला धक्का दिला होता. न्यूमनचं म्हणणं साधं होतं. टीव्ही बघणारा कामगार आहे, कारकून आहे, दुकानदार आहे. मग नाटकही त्याच्याच घरातलं का नको? हॅरल्ड पिंटरचं 'अ नाइट आउट' १९६० साली याच मालिकेतून लाखो घरांत पोहोचलं. नाटकाचं तिकीट कधीही न काढलेल्या लोकांनी पिंटर पाहिला, तो असा.

ही नाटकं बरीच वर्षं थेट प्रक्षेपित होत. चूक झाली तर ती देशभर दिसायची. ३० नोव्हेंबर १९५८ रोजी 'अंडरग्राउंड' हे नाटक चालू असताना गॅरेथ जोन्स हा तरुण नट दोन प्रवेशांच्या मध्ये हृदयविकारानं कोसळला आणि गेला. दिग्दर्शक होता टेड कॉचेफ, ज्यानं पुढे १९८२ साली रॅम्बोचा पहिला चित्रपट केला. बाकीच्या नटांनी त्याचे संवाद आपसांत वाटून घेतले, ऐन वेळी वाक्यं रचली आणि नाटक पुरं केलं. घरी बसलेल्या प्रेक्षकांसमोर नाटक चालू होतं आणि पडद्यामागे त्यातलाच एक माणूस कायमचा निघून गेला होता.

१९६३ साली न्यूमन बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख झाला. 'डॉक्टर हू' ही लहानमोठ्यांची लाडकी मालिकाही त्याच वर्षीची, त्याच्याच कारकीर्दीतली. २८ ऑक्टोबर १९६४ रोजी 'वेन्सडे प्ले' सुरू झालं. निर्माते होते जेम्स मॅकटॅगर्ट, आणि नवे लेखक हुडकून आणण्यासाठी त्यांच्या हाताखाली टोनी गार्नेटसारखी तरुण मंडळी होती. शाळेपासून वर्गभेदाचे चटके सोसलेला, खाणकामगाराचा मुलगा डेनिस पॉटर इथेच लेखक म्हणून उभा राहिला. महासंचालक ह्यू कार्लटन ग्रीन स्वभावानं धीट होते, त्यामुळे वरून फारशी आडकाठी नव्हती.

या मांडणीत लेखकाला एक मोठी सवलत होती. त्याचं नाटक पडलं तरी पुढच्या बुधवारी दुसऱ्याचं नाटक लागणारच असे. एका नाटकाच्या अपयशानं मालिका बंद पडत नव्हती, त्यामुळे अनोळखी माणसाला संधी देणं परवडायचं. प्रेक्षकाच्या बाजूनंही असंच काहीसं होतं. तेव्हा इंग्लंडात बीबीसीच्या दोन आणि आयटीव्हीची एक अशा तीनच वाहिन्या होत्या, आणि त्यातली बीबीसीची दुसरी वाहिनी नुकतीच सुरू झाली होती, ती सगळीकडे दिसतही नव्हती. बातम्या संपल्या की नाटक सुरू. जो विषय आपण होऊन कुणी निवडला नसता, तो समोर येऊन बसायचा आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये, दुकानात, कारखान्यात त्यावर वाद व्हायचा. मामांनी पत्रात लिहिलेली ती जेवणाची सुट्टी अशीच एका गुरुवारची होती.

यातलं पहिलं मोठं वादळ ३ नोव्हेंबर १९६५ ला आलं. नाटक होतं 'अप द जंक्शन'. नेल डन या लेखिकेनं लंडनच्या बॅटर्सी भागातल्या कामगार मुलींच्या गोष्टी लिहिल्या होत्या, त्यावरून केलेलं. दिग्दर्शक केन लोच. त्यात एक मुलगी चोरून गर्भपात करवून घेते आणि वेदनेनं किंचाळते. त्या दृश्याच्या आगेमागे एका डॉक्टरचा आवाज शांतपणे बेकायदा गर्भपातांची आकडेवारी सांगतो. त्या वेळी इंग्लंडमध्ये गर्भपात हा गुन्हा होता. तक्रारींचा पाऊस पडला. मेरी व्हाइटहाउस या शिक्षिकेनं १९६४ पासूनच टीव्ही स्वच्छ करण्याची मोहीम उघडली होती. तिला आयतंच निमित्त मिळालं. व्हाइटहाउसबाईंची पुढे पुष्कळ टिंगल झाली. पण त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या हजारो माणसांना, आपल्या बैठकीच्या खोलीत कुणीतरी न विचारता शिरतंय, असं खरोखरच वाटत होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

हे नाटक व्हावं म्हणून टोनी गार्नेट हट्टाला पेटले होते. मॅकटॅगर्ट फारसे राजी नव्हते. ते सुट्टीवर गेल्यावर गार्नेटनी काम पुढे रेटलं, अशी हकिकत सांगितली जाते. एवढा हट्ट कशासाठी, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. गार्नेटनी ते उतारवयात सांगितलं आणि २०१६ साली आलेल्या आत्मकथेत लिहिलं. ते पाच वर्षांचे असताना त्यांची आई चोरट्या गर्भपातानं दगावली आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत वडिलांनी आत्महत्या केली. लहानगा टोनी नातेवाइकांकडे वाढला. 'अप द जंक्शन'चं चित्रीकरण, प्रक्षेपण, त्यावरचा गदारोळ चालू असताना ते याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. १९६७ साली ब्रिटिश संसदेनं गर्भपाताला अटींसह मान्यता देणारा कायदा केला. तो काही या एका नाटकामुळे झाला नाही. त्यामागे स्त्रियांच्या आणि डॉक्टरांच्या अनेक वर्षांच्या खटपटी होत्या. पण ज्या गोष्टीबद्दल घरात कुजबुजही होत नव्हती, तिच्याविषयी देश बोलू लागला, त्यात या नाटकाचा वाटा होता. टोनी गार्नेट २०२० साली गेले.

वर्षभरानं आलं 'कॅथी कम होम'. निर्माते गार्नेट, दिग्दर्शक लोच, लेखक जेरेमी सँडफर्ड. नेल डन ही सँडफर्डची पत्नी. बेघर कुटुंबांचा विषय सँडफर्डच्या डोक्यात कितीतरी वर्षं घोळत होता. त्यावर त्यानं लेख लिहिले होते, बीबीसीसाठी नभोवाणीवर माहितीपटही केला होता, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. नभोवाणीवर बोलताना हे सांगायला जरा जड जातं, पण खरं तेच सांगायला हवं.

गोष्ट अगदी साधी. कॅथी गावाकडून शहरात येते, रेज नावाच्या ड्रायव्हरशी लग्न करते. नवं घर, पहिलं मूल, सगळं ठीक चाललेलं. मग रेजला अपघात होतो, नोकरी जाते. सासूकडे दाटीवाटीनं राहणं, मग भाड्याची खोली, तिथून हकालपट्टी, मग कॅराव्हॅन, मग पडकी जागा आणि शेवटी बेघरांसाठीचं नगरपालिकेचं वसतिगृह. तिथे बायको-मुलांना थारा, नवऱ्याला मज्जाव. वसतिगृहाची मुदत संपते आणि रेल्वे स्टेशनवर सरकारी माणसं कॅथीच्या हातून मुलं काढून घेतात. एकेक पायरी उतरताना वाटतं की यापुढे तरी कुणीतरी हात देईल, आणि तो मिळत नाही. कॅथीची भूमिका कॅरल व्हाइटनं केली होती, रेजची रे ब्रुक्सनं.

पाहणाऱ्यांना हादरवलं ते चित्रणाच्या पद्धतीनं. एरवी नाटकं स्टुडिओत, पुठ्ठ्याच्या भिंतींमध्ये होत. लोच आणि मंडळींनी बातमीदार वापरत तो हलका १६ मिलिमीटरचा कॅमेरा खांद्यावर घेतला आणि बहुतेक भाग रस्त्यावर, खऱ्या वस्त्यांत टिपला. मधूनच खऱ्या माणसांचे आवाज, आकडे. स्टेशनवरचं ते दृश्य लपवलेल्या कॅमेऱ्यानं घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते नाटक आहे याची कल्पना नव्हती. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटतात, की हे सगळे प्रसंग गेल्या अठरा महिन्यांत ब्रिटनमध्ये घडलेले आहेत आणि घर नाही म्हणून दर वर्षी ४,००० मुलं आईबापांपासून तोडली जातात.

त्या रात्री सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी हे पाहिलं. दर चार-पाच माणसांमागे एक. बीबीसीच्याच माजी ज्येष्ठ अधिकारी ग्रेस विंडहॅम गोल्डी यांनी बातमी आणि नाटक यांची अशी सरमिसळ करण्यावर टीका केली. प्रेक्षकाला कळलं पाहिजे की आपण घडलेलं पाहतो आहोत की रचलेलं. ही हरकत पोकळ नव्हती. आज तर ती जास्तच पटते. पण नाटकानं सांगितलेली वस्तुस्थिती त्या हरकतीमुळे खोटी ठरत नव्हती.

मग बदललं काय? बेघरांसाठी काम करणारी 'शेल्टर' ही प्रसिद्ध संस्था या नाटकामुळे जन्माला आली, असं सर्रास सांगितलं जातं. ती जाहीरपणे सुरू झाली १ डिसेंबर १९६६ रोजी, म्हणजे नाटकानंतर बरोबर पंधरा दिवसांनी. एवढ्या दिवसांत अशी संस्था उभी राहत नाही. तिची तयारी आधीपासून चालू होती. पण देणगीचं आवाहन लोकांपुढे गेलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कॅथी होती, आणि त्याचा संस्थेला पुष्कळ फायदा झाला. काही ठिकाणी वसतिगृहांत नवऱ्यांनाही राहू देण्याचा निर्णय झाला. बेघर कुटुंबाला घर मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकणारा कायदा मात्र १९७७ साली आला. अकरा वर्षांनी! त्या अकरा वर्षांत कॅथीचं हरवलेलं मूल जवळजवळ कर्तंसवरतं झालं असतं. नाटकानं घरं बांधली जात नाहीत, असं खुद्द केन लोचही पुढे बोलत राहिले. २०१६ साली, म्हणजे 'कॅथी'नंतर पन्नास वर्षांनी, त्यांच्या 'आय, डॅनियल ब्लेक'ला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. विषय पुन्हा तोच : सरकारी खिडकीपुढे हतबल झालेला माणूस.

१९७० साली नाटकाचा वार बदलून गुरुवार झाला, तेव्हा बुधवारचं नाव ठेवणं शक्य नव्हतं. १५ ऑक्टोबर १९७० पासून मालिका 'प्ले फॉर टुडे' झाली आणि १९८४ पर्यंत चालली. तीनशेच्या आसपास नाटकं झाली. सगळीच काही गंभीर नव्हती. माइक लीचं 'अबिगेल्स पार्टी' (१९७७) पाहताना हसून पोट दुखतं आणि हसू ओसरल्यावर आपल्याच घरची एखादी पार्टी आठवते. पॉटरच्या 'ब्लू रिमेम्बर्ड हिल्स'मध्ये (१९७९) मोठ्या वयाचे नट सात वर्षांच्या मुलांची कामं करतात. डेव्हिड एडगरच्या 'डेस्टिनी'ची (१९७८) सुरुवात तर भारतात होते, १५ ऑगस्ट १९४७ रोजी. निघून जाणारे ब्रिटिश लष्करी लोक आणि एक शीख तरुण पुढे तीस वर्षांनी इंग्लंडमधल्या एका पोटनिवडणुकीत समोरासमोर येतात, आणि वर्णद्वेषाचं राजकारण कसं शिजतं ते आपल्याला दिसतं. मामा त्याच भागात राहत होते.

बीबीसी दर वेळी धीट राहिली असं नाही. पॉटरचं 'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल' १९७६ साली तयार झालं, रोखलं गेलं आणि १९८७ साली दाखवलं गेलं. बालगुन्हेगारांच्या सुधारगृहातली क्रूरता दाखवणारं 'स्कम' १९७७ साली डब्यात गेलं ते १९९१ पर्यंत. ज्या संस्थेनं दार उघडलं, तीच अधूनमधून कडी लावत होती.

आणखी एक नुकसान कुणाच्या दुष्टपणानं झालं नाही. त्या काळी व्हिडिओ टेप फार महाग. एकदा नाटक दाखवलं की टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरत. पुनःप्रक्षेपणावर कलावंतांच्या करारांची बंधनं होती, त्यामुळे जपून ठेवण्यात कुणाला अर्थ वाटत नसे. 'वेन्सडे प्ले'मधली कितीतरी नाटकं अशी कायमची गेली. 'कॅथी' वाचली, कारण ती फिल्मवर होती.

१९८४ साली मालिका थांबली, त्याला कारणं व्यवहारातली होती. रोज तीच पात्रं आणि तोच सेट असला की खर्च कमी, प्रेक्षक बांधलेला, आणि परदेशी विक्रीही सोपी. स्वतंत्र नाटकाला दर वेळी सगळं नव्यानं उभारावं लागतं. त्यात १९८२ साली चौथी वाहिनी आली आणि तिनं लेखक-दिग्दर्शकांना चित्रपटांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. माणसं तिकडे वळली.

पण परंपरा साफ आटली, असं म्हणवत नाही. २०२४ च्या जानेवारीत आयटीव्हीनं टपाल खात्यावरची चार भागांची नाट्यमालिका दाखवली, 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस'. सदोष संगणक प्रणालीमुळे हिशेबात तूट दिसली आणि शेकडो निरपराध पोस्टमास्तरांना चोर ठरवलं गेलं. वर्तमानपत्रांतून आणि न्यायालयांतून ते प्रकरण कित्येक वर्षं चालू होतं. शेवटचा भाग दाखवल्यावर आठवड्याभरात पंतप्रधानांनी संसदेत नव्या कायद्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात शिक्षा रद्द करणारा कायदा झालाही. कॅथीला अकरा वर्षं लागली, इथे पाच महिने. पण पत्रकारांनी आणि वकिलांनी आधी पुरावा गोळा केलेला नसता, तर नाटकाला सांगायला काही उरलंच नसतं. नाटकानं केलं ते एवढंच, की ठाऊक असलेली गोष्ट एकाच आठवड्यात सगळ्यांना एकदम दिसली. मग 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय कुणालाच उरली नाही.

मामा निवृत्त होऊन सांगलीला परतले, तेव्हा मी 'कॅथी'ची डीव्हीडी मिळवली आणि आम्ही दोघांनी ती बसून पाहिली. मामा गप्प होते. स्टेशनवरचं दृश्य आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. नंतर मी त्यांना विचारलं, "त्या घरमालकीणबाईंचं पुढे काय झालं? काही बदललं का त्यांच्यात?"

मामा हसले. म्हणाले, "अरे, लगेच कुठलं? कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांची चिठ्ठी लावलेली असायची, खोली भाड्यानं देणे आहे, मुलं चालणार नाहीत. ती तशीच राहिली. दोनेक वर्षांनी खालच्या खोलीत एक जोडपं आलं, त्यांना तान्हं मूल होतं. बाई त्याला मांडीवर घेऊन बसायच्या. आता ते नाटकामुळे की म्हातारपणामुळे, मला काय सांगता येणार?"

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)